बदलत्या रेडिओ वाहिनीचे मापन : शक्यता आणि मर्यादा

प्रस्तावना :
भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर ग्राहकाच्या संचापर्यंत एकाच मार्गाने पोहोचत नाही. इमारती, टेकड्या व वाहने यांवरून परावर्तित झालेल्या तिच्या अनेक प्रती वेगवेगळ्या विलंबाने येतात. या सर्व मार्गांच्या एकत्रित परिणामास रेडिओ वाहिनी म्हणतात. संदेश अचूक वाचण्यासाठी ही वाहिनी आधी मोजावी लागते. परंतु ग्राहक चालत्या वाहनात असल्यास ती क्षणोक्षणी बदलते. मोजमाप पूर्ण होण्याआधीच बदलणारी वाहिनी मोजता येते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मापनाची अट :
पुणे येथे १९३५ मध्ये जन्मलेले व तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झालेले थॉमस कैलाथ यांनी १९५९ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. येथे या प्रश्नाचे विवेचन केले. वाहिनी मोजण्यासाठी एक अल्पकालीन स्पंद पाठविला, तर त्याच्या सर्व प्रती येईपर्यंत दुसरा स्पंद पाठविता येत नाही; अन्यथा दोहोंच्या प्रती एकमेकांत मिसळतात. दुसरीकडे, वाहिनी जितक्या वेगाने बदलते तितक्या वारंवार ती मोजली पाहिजे. प्रतींचा विलंब-विस्तार आणि गतीमुळे होणारा डॉप्लर-विस्तार यांचा गुणाकार एकाहून कमी असेल, तरच या दोन्ही गरजा एकत्र भागतात. पुढे फिलिप बेलो यांनी १९६९ मध्ये गुणाकाराऐवजी विलंब व डॉप्लर यांनी प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्रफळ विचारात घ्यावे, असे मत मांडले. त्याची गणिती सिद्धता फांडर व वॉलनट यांनी २००६ मध्ये दिली.

प्रत्यक्ष उदाहरण :
९०० मेगाहर्ट्झ वारंवारतेस तरंगलांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते. वाहनाचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर असल्यास वारंवारता दोन्ही बाजूंस ६० हर्ट्झपर्यंत सरकते. एकूण विस्तार १२० हर्ट्झ होतो. विलंब-विस्तार ५ मायक्रोसेकंद मानल्यास गुणाकार ०.०००६ येतो. ही वाहिनी मोजण्यास पुष्कळ वाव आहे.

जी.एस.एम. पद्धतीत सुमारे ५७७ मायक्रोसेकंदांच्या कालखंडात १४८ बिट पाठविले जातात. त्यांपैकी मधले २६ बिट ग्राहकसंचास आधीच ठाऊक असतात. ते कसे बदलून आले, यावरून वाहिनी मोजली जाते. तेवढ्या वेळात वरील वाहन जेमतेम १.१५ सेंटिमीटर सरकते. त्यामुळे मध्यभागी केलेले मापन दोन्ही टोकांस लागू पडते. पाचव्या पिढीतील २८ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी मात्र सुमारे १.०७ सेंटिमीटरच आहे. तेवढ्याच काळात वाहन एक पूर्ण तरंगलांबी ओलांडते. म्हणून तेथे मापन अधिक वारंवार करावे लागते.

समारोप :
सारांश, भ्रमणध्वनीची वाहिनी सिद्धांततः मापनयोग्य आहे. परंतु हे मापन विनामूल्य नाही. जी.एस.एम.मध्ये १४८ पैकी २६ बिट, म्हणजे सुमारे साडेसतरा टक्के जागा, केवळ मापनासाठी खर्ची पडते. मोजमाप वाढविल्यास संदेशाची जागा घटते आणि ते कमी केल्यास संदेश वाचताना चुका वाढतात. या दोहोंचा मेळ प्रत्येक नव्या पिढीच्या रचनाकारांना वारंवारता व वेग लक्षात घेऊन नव्याने घालावा लागतो.