चिलटाची जनुके आणि आपल्या घरातील प्रश्न

पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारे चिलट आपण हाताने हाकलून देतो. ड्रॉसोफिला हे त्याचे शास्त्रीय नाव. या क्षुद्र कीटकाने शास्त्रज्ञांना आनुवंशिकतेचे कितीतरी नियम शिकविले. थॉमस हंट मॉर्गन यांना १९३३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच्यावरील संशोधनासाठी. नर चिलटात शुक्राणू कसा तयार होतो आणि पेशीविभाजनावर ताबा ठेवणारी जनुके त्यात काय करतात, हे प्रस्तुत लेखात पाहू. असा विषय आम्ही स्मरणिकेसाठी का निवडला, ते ओघात येईलच.

नराच्या वृषणाच्या टोकाशी काही मूलपेशी असतात. मूलपेशी विभागली की एक पेशी मूलपेशी म्हणूनच जागेवर राहते व दुसरी पुढच्या प्रवासाला निघते. ही दुसरी पेशी चार वेळा विभागते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ, आठाच्या सोळा. येथे विभाजन थांबते आणि या सोळा पेशी काही दिवस नुसत्या आकाराने वाढतात. त्यानंतर अर्धसूत्री विभाजनाच्या दोन फेऱ्या होऊन सोळाच्या चौसष्ट पेशी होतात. प्रत्येकीत गुणसूत्रे आठाऐवजी चारच उरतात, कारण बाकीची चार मादीकडून यायची असतात. शेवटी प्रत्येक पेशीला लांब शेपूट येऊन शुक्राणू तयार होतो. त्याची लांबी सुमारे १.८ मिलिमीटर भरते. चिलट स्वतः मात्र अडीच-तीन मिलिमीटरचे!

हा हिशेब इतका चोख कोण ठेवते? त्यातील तीन जनुकांची ओळख करून घेऊ.

पहिले 'बॅम'. त्याच्या पूर्ण इंग्रजी नावाचा अर्थ 'गोट्यांची पिशवी' असा आहे. या जनुकामुळे पेशीत एक प्रथिन साठत जाते. ते ठराविक पातळीला पोचले की पेशी विभागणे थांबवून पुढच्या कामाला लागते. हे जनुक बिघडले तर पेशी थांबतच नाहीत. लहान गोल पेशींची नुसती गर्दी होते आणि शुक्राणू एकही तयार होत नाही.

दुसरे 'ट्वाइन'. अर्धसूत्री विभाजन सुरू करण्याचा जणू हुकूमच ते देते. ते नसले तर हे विभाजन होत नाही. नवल असे की, शेपूट वाढविण्याचे काम तरीही काही अंशी चालू राहते; पण नर वंध्यच राहतो.

तिसरे 'बूल'. ट्वाइनचे प्रथिन पेशीत तयार व्हावे, याची व्यवस्था ते पाहते.

आता चिलटाकडून माणसाकडे येऊ. वीर्यात शुक्राणूच नसलेल्या काही पुरुषांच्या 'वाय' गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. त्या तुकड्यातील 'डॅझ' हे जनुक १९९५ साली सापडले. पुढच्याच वर्षी चिलटातील बूल हे त्याचेच नातेवाईक असल्याचे दिसून आले. २००३ साली तर माणसाचे बूल जनुक वंध्य चिलटात घातले असता त्याचे अडलेले अर्धसूत्री विभाजन पुन्हा सुरू झाले. केळ्यावरचे चिलट आणि माणूस यांच्यात निसर्गाने एकच यंत्रणा जपून ठेवली आहे, हे यावरून ध्यानात येते.

येथेच आपल्या घरातील प्रश्न येतो. लग्नाला चार वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की बोट सुनेकडे जाते. तिलाच औषधे, तिलाच टोमणे, प्रसंगी सवतही. वास्तविक मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या बाबतीत पुरुषाच्या बाजूचेही कारण असते. वीर्यतपासणी ही साधी, कमी खर्चाची तपासणी आहे. तरीही ती सर्वांत शेवटी होते, किंवा होतच नाही.

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पादाच्या रूपाने कार्यकारणभाव शिकविला. कारणावाचून काही घडत नाही, म्हणून कारण शोधावे. पेशीतील बिघाड हे सुनेचे नशीब नव्हे, कुणाची नजर नव्हे, पूर्वजन्मीचे पाप नव्हे. आणि पुरुषाने मान खाली घालावी असा तो गुन्हाही नव्हे. तेव्हा नवस-अंगाऱ्याच्या वाटेला न जाता पती-पत्नी दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. आणि आपल्या विद्यार्थ्यांनी हे सारे घरातील वडीलधाऱ्यांना न संकोचता समजावून सांगावे, एवढीच आमची विनंती.