लीथचे मऊ कवचाचे कासव

ट्रायोनिकिडी कुलातील गोड्या पाण्यात राहणारे मोठे कासव. त्याचे शास्त्रीय नाव निल्सोनिया लीथाय असे असून ते फक्त भारताच्या द्वीपकल्पीय नद्यांत व जलाशयांत आढळते. पुणे येथील नमुन्यावरून जे. ई. ग्रे यांनी 1872 मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले व मुंबईतील वैद्य आणि निसर्ग-अभ्यासक लीथ यांचे नाव तिला दिले. त्याच पुण्याच्या मुळा-मुठेचे पाणी आज सांडपाण्याने अत्यंत दूषित झाले आहे.

या कासवाच्या पाठीवर इतर कासवांप्रमाणे शृंगी खवले नसतात. कवच चपटे व चामड्यासारख्या त्वचेने आच्छादलेले असून त्याची कडा कूर्चामय व लवचिक असते. लांबी 60 सेंमी. पर्यंत भरते. पिलांच्या पाठीवर डोळ्यांच्या आकाराचे, बहुधा चार, ठिपके असतात. वाढत्या वयाबरोबर ते पुसट होतात. मासे, खेकडे व शिंपले हे त्याचे मुख्य भक्ष्य होय. तळाच्या वाळूत वा चिखलात अंग पुरून ते तासन् तास पडून राहते आणि सोंडेसारखे नाक तेवढे श्वासासाठी वर काढते.

मगर वा मोठा मासा यांच्यापासून बचाव करण्यास ही रीत पुरेशी होती. माणसाच्या गळापुढे व जाळ्यापुढे ती चालत नाही. मांसासाठी या कासवाची पूर्वीपासून शिकार होते. त्यातच कवचाच्या कूर्चामय कडेला पूर्व आशियातील बाजारात मागणी असल्याने ती वाळवून चोरट्या मार्गाने परदेशी पाठविली जाते. ही कासवे उशिरा वयात येतात. म्हणून एक प्रौढ मादी मारली गेली, तर पुढील अनेक वर्षांची वीण बुडते. गेल्या तीस वर्षांत भारतातील संख्या सु. 90 टक्क्यांनी घटली असावी, असा अंदाज आहे.

शिकार थांबली, तरी अंडी घालण्यास काठ उरला पाहिजे. नागपूर शहर व त्याच्या दक्षिणेकडील मिहानसारखी नवी क्षेत्रे यांच्या वाढीबरोबर रेतीची मागणी वाढली. कन्हान व वैनगंगा या गोदावरीच्या खोऱ्यातील नद्यांची पात्रे त्यासाठी उपसली जातात. रेतीबरोबर मादीची अंडी घालण्याची जागा व कासवाचा लपण्याचा थर हे दोन्ही नाहीसे होतात. धरणांच्या जलाशयांत हे कासव राहू शकते. परंतु पाण्याची पातळी अवेळी चढल्यास काठावरची अंडी बुडून नासतात. शिवाय नाग नदीतून येणारे नागपूरचे सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेस व पुढे गोसीखुर्दच्या जलाशयास मिळते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये या कासवाची शिकार व व्यापार यांस बंदी आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने ही जात अतिसंकटग्रस्त ठरविली आहे. पनामा येथे 2022 मध्ये भरलेल्या संकटग्रस्त जातींच्या व्यापारविषयक परिषदेत भारताच्या प्रस्तावानुसार तिचा पहिल्या परिशिष्टात समावेश झाला. त्यामुळे व्यावसायिक हेतूने होणाऱ्या परदेशी व्यापारास मनाई आहे. या तरतुदी प्राण्यापुरत्या आहेत. ज्या रेतीत तो अंडी घालतो, तिचा उपसा शासकीय परवान्यानेही होतो, ही विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे.

विदर्भातील तळ्यांत सहज दिसणारे मऊ पाठीचे कासव बहुधा निराळे, लिसेमिस पंक्टाटा या जातीचे, असते. त्याच्या पोटाकडील कवचाला मागील पाय झाकणाऱ्या झडपा असतात. लीथच्या कासवाला त्या नसतात. हा फरक ध्यानी न आल्याने दुर्मिळ जात विपुल असल्याचा समज होतो आणि जाळ्यात सापडलेले कासव परत सोडण्याची निकड कोणाला वाटत नाही.