राजाच्या वहीतला शेतगडी

नेब्रास्का किंवा आयोवातल्या जुन्या दफनभूमीत ‘जन्म : डेन्मार्क’ एवढंच कोरलेले दगड रांगेने भेटतात. पणतवंडांची पंचाईत तिथूनच सुरू होते. डेन्मार्कमधल्या जुन्या नोंदी देशाच्या नावाने सापडत नाहीत. त्या पॅरिशनुसार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीनुसार लावलेल्या आहेत, आणि असे पॅरिश दोन हजारांच्या आसपास आहेत. पणजोबांचं गाव माहीत नसेल तर कुठली वही उघडायची?

डेन माणूस म्हटलं की आपल्याला १९३८ साली मुंबईत कंपनी काढणारे होल्क-लार्सन आणि टुब्रो आठवतात. ते शिकलेले अभियंते होते. त्यांच्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांत जे घराबाहेर पडले, त्यांच्यात मोठा भरणा शेतगडी, मोलकरणी आणि छोट्या कारागिरांचा होता. १८५० नंतरच्या सहा-सात दशकांत सुमारे तीन लाख लोकांनी देश सोडला. १८८० साली डेन्मार्कची लोकसंख्या जेमतेम वीस लाख होती, हे लक्षात घेतलं म्हणजे आकड्याचं वजन कळतं. लोक वाढत होते, जमीन वाढत नव्हती. १८६४च्या युद्धानंतर श्लेसविग प्रशियाकडे गेलं, तेव्हा तिथल्या डॅनिश पोरांपुढे परक्याच्या सैन्यात भरती व्हायचं की बोट धरायची, असा प्रश्न उभा राहिला. बहुतेकांची वाट अमेरिकेची होती.

असाच एक गडी आपण कल्पनेने उभा करू. नाव येन्स नील्सन, जन्म १८५२, उत्तर जटलंडमधला, १८७३ साली निघालेला. असे येन्स नील्सन खरोखर इतके होऊन गेले की हे नाव कुणा एकाचं म्हणताच येत नाही.

शोध उलटा करावा लागतो, मरणाकडून जन्माकडे. पहिली वही घरातच असते : बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या जन्म-मृत्यूच्या तारखा, पत्रांचा गठ्ठा, एखादा पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो. फोटोतल्या माणसांपेक्षा पुठ्ठ्याच्या पाठीवर छापलेलं स्टुडिओचं नाव-गाव जास्त बोलकं ठरतं. गावातला छायाचित्रकार गावातल्याच लोकांचे फोटो काढायचा, त्यामुळे शोधाची हद्द एका झटक्यात आक्रसते. मग स्थलांतरितांची वर्तमानपत्रं. ओमाहात १८७२ साली सुरू झालेल्या ‘देन डान्स्के पायोनिअर’सारख्या पत्रांतल्या मृत्यूच्या बातमीत पुष्कळदा मूळ गाव दिलेलं असतं, इंग्रजी पत्राला ‘डेन्मार्क’ पुरेसं वाटायचं, डॅनिश वाचकाला पुरत नसे.

सरकारी कागदांत मला सर्वांत आवडतात ती होमस्टेडची प्रकरणं. १८६२च्या कायद्याने १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळे. अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं, कसायचं आणि अमेरिकेचं नागरिकत्व घ्यायचं. पाच वर्षांनी हक्क सिद्ध करताना शेजारी साक्षीला येत. घर किती फूट लांब-रुंद, मातीच्या ढेकळांचं की लाकडी, दारं-खिडक्या किती, विहीर खणली का, किती एकर नांगराखाली आलं, घरात माणसं किती, हे सगळं त्या जबान्यांत उतरतं. सोबत नागरिकत्वाचा दाखलाही जोडलेला असतो. त्यात ‘डेन्मार्कच्या राजाशी असलेली निष्ठा सोडतो’ असं वाक्य असतं, पण गावाचं नाव बहुधा नसतं. १९०६पर्यंत नागरिकत्व द्यायचं काम कुठलंही स्थानिक न्यायालय आपल्या पद्धतीने करत असे. जनगणनेपैकी १९००ची कामाची, कारण तिच्यात अमेरिकेत आल्याचं वर्ष विचारलंय. १८९०चे बहुतेक सगळे कागद वॉशिंग्टनच्या १९२१च्या आगीपायी गेले, त्यामुळे १८८० ते १९०० हा वीस वर्षांचा खड्डा प्रत्येकालाच ओलांडावा लागतो.

आता समुद्र. ‘आमचं आडनाव एलिस आयलंडच्या कारकुनाने बदललं’ ही गोष्ट अमेरिकेतल्या घराघरांत ऐकू येते. तिथले कारकून जहाजावरून आलेल्या यादीवर खुणा करत. नव्याने नावं लिहून घेत नसत. आणि आपला येन्स उतरला तेव्हा एलिस आयलंड उघडायला अजून एकोणीस वर्षं होती. त्याच्या काळी न्यूयॉर्कला उतरणारे कॅसल गार्डनमधून जात. नावं लोकांनी स्वतःच, सोयीने बदलली.

खरा खजिना निघताना तयार झाला होता. प्रवासी एजंट गरिबांना सर्रास गंडवत. त्यांना लगाम घालायला डेन्मार्कने १८६८ साली कायदा केला आणि देशातल्या एजंटांनी केलेले करार कोपनहेगनच्या पोलिसांकडे नोंदवणं सक्तीचं झालं. नाव, वय, धंदा, शेवटचा मुक्काम, कुठे जायचं. १८६९ ते १९४० या काळातल्या त्या वह्या शिल्लक आहेत, आणि ऑल्बॉर्गच्या स्थलांतर अभिलेखागाराने मोठ्या मेहनतीने त्यांतली नावं शोधण्याजोगी केली. ज्यांनी हॅम्बुर्गला जाऊन तिथे तिकीट काढलं ते मात्र या वहीत नाहीत. त्यांच्यासाठी हॅम्बुर्गच्या स्वतंत्र याद्या आहेत.

आणि तरीही वहीत येन्स नील्सन एक नसतो, अनेक असतात. खेड्यांत आडनाव नव्हतंच. नील्सचा मुलगा तो नील्सन, त्याची बहीण नील्सदातर, आणि येन्सची पोरं येन्सन. १८२८ साली सरकारने फर्मान काढलं की बाप्तिस्म्याच्या वेळीच कायमचं कुलनाम द्या. लोकांनी ऐकल्यासारखं केलं आणि पुढची कित्येक दशकं जुनाच पाठ चालू ठेवला. शेवटी बापांची नावंच गोठून आडनावं झाली. अमेरिकेत एका वस्तीत चार-चार येन्स नील्सन जमले की टपाल चुकायचं. मग कुणी आपल्या जुन्या गावाचं नाव लावून घेई. घरातल्या विचित्र आडनावाकडे म्हणूनच आधी नकाशा उघडून पाहावं. शहरी माणसांचं तसं नसे. न्यूयॉर्कच्या चाळींतलं दैन्य फोटोंतून जगापुढे मांडणारा जेकब रीस हा रिबे गावच्या शिक्षकाचा मुलगा. आडनाव पक्कं, १८७०चा प्रवास स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवलेला. त्याचा माग काढणं म्हणजे सरळ रस्त्याने चालणं.

गाव एकदा कळलं की चर्चची वही. १८१४पासून ती छापील रकान्यांची आणि दोन प्रतींत : एक पाद्र्याकडे, एक चर्चच्या कारकुनाकडे, आणि दोन्ही प्रती रात्री एका छपराखाली ठेवायच्या नाहीत असा नियम. एक घर जळलं तरी दुसरी प्रत वाचावी. लिपी गॉथिक वळणाची. आपल्याकडे मोडी शिकलेला माणूस शोधावा लागतो, तसंच तिकडेही जाणकार गाठावा लागतो. जुन्या पानांवर तारखेऐवजी ‘ट्रिनिटीनंतरचा सातवा रविवार’ असं लिहिलेलं असतं, आणि ट्रिनिटी ईस्टरवर अवलंबून असल्याने दरवर्षी हिशेब नवा.

येन्सच्या कन्फर्मेशनच्या, म्हणजे किशोरवयात चर्चमध्ये होणाऱ्या धर्मदीक्षेच्या, नोंदीत त्याला गुण दिलेले असतात : ज्ञान बरं, वर्तन चांगलं. शेजारी देवीची लस कधी टोचली आणि कुणी टोचली हेही. १८१०च्या हुकुमानुसार लस घेतल्याशिवाय किंवा देवी येऊन गेल्याशिवाय कन्फर्मेशन होत नसे आणि लग्नही लागत नसे. लग्नाशिवाय मूल झालं तर आईने सांगितलेलं बापाचं नाव लिहीत. आणि पुष्कळदा एक जास्तीची ओळ असे, बाळाच्या जन्माआधी दहाव्या महिन्यात ती कुठे कामाला होती. पोटगी कुणावर बसवायची, हा तिथे मुद्दा होता. दीडशे वर्षांनी नात्याचा धागा शोधणाऱ्याला तीच ओळ नेमक्या शेतावर नेऊन सोडते.

त्याहून चिवट असते लष्कराची वही. १७३३पासून डॅनिश कुळांच्या पुरुषांना जमीनदाराची हद्द सोडायची बंदी होती, म्हणजे जमीनदाराला मजूर आणि राजाला शिपाई अशी दोघांची सोय. १७८८ साली ती बंदी उठवायचं ठरलं, तशी राजाला चिंता पडली की ही मोकळी झालेली पोरं युद्धाच्या वेळी शोधायची कुठे. उपाय म्हणून शेतकऱ्याच्या प्रत्येक मुलाचं नाव जन्मतःच भरतीच्या वहीत चढू लागलं. १८४९नंतर सर्वांवर सक्ती आली आणि नाव थोड्या मोठ्या वयात चढू लागलं. येन्सचा बाप नील्स १८२५चा धरला तर तो पाळण्यापासून या वहीत सापडायला हवा. गडी दरसाल नोव्हेंबर किंवा मे महिन्यात मालक बदलायचे. मुक्काम हलला की वहीतही हलायचा. दर ठरावीक वर्षांनी नवी वही निघे, तीत माणसाचा नवा क्रमांक आणि शेजारी जुना. त्या जुन्या क्रमांकाला धरून मागे-मागे जात राहिलं की बापाचं नाव, जन्मगाव आणि इंचांत मोजलेली उंचीसुद्धा हाती लागते. आपल्या खापरपणजोबांची उंची किती होती, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? इथे मात्र भूमिहीन गड्याची उंचीसुद्धा राजाच्या दप्तरी आहे. त्याच्यासाठी कुणी ती लिहिली नव्हती. त्याला हातून निसटू द्यायचं नव्हतं, म्हणून लिहिली.

मुलींना सैन्यात कोण नेणार? म्हणून येन्सची बहीण आने कन्फर्मेशननंतर कागदावरून सरळ गायब होते. तिच्यासाठी वेगळ्या फटी शोधाव्या लागतात. नोकरांकडे वर्तनाची छोटी पुस्तिका असे. मालक सोडताना त्यात शेरा मारायचा आणि नव्या पॅरिशमध्ये ती पाद्र्याला दाखवावी लागे. पुस्तिका घरातल्या पेटीत उरली असेल तर आनेची कामाची ठिकाणं ओळीने मिळतात. नसेल तर जनगणना. १८४५पासून तिच्यात जन्मगावही विचारलेलं आहे, त्यामुळे परक्या शेतावर राबणारी आने निदान ‘मूळची कुठली’ एवढं सांगून जाते.

आई-बाप वारल्यावरचं वारसापत्रही चाळावं. त्यात घरातली भांडी, गाय, अंथरुणं मोजलेली असतात आणि वारसांची नावं राहत्या ठिकाणांसह. धाकटा भाऊ शेजारच्या पॅरिशमध्ये, आनेचा नवरा अमुक गावचा सुतार, आणि येन्सच्या पुढे अमेरिका. नशीब चांगलं असेल तर पुढे राज्य आणि काउंटीही असते. दगडावर गाव न लिहिलेल्या माणसाचा पत्ता असा उलट्या बाजूने, वाटणीच्या हिशेबात सापडतो.