वसईचा किल्ला पाहावा तो पाण्याकडून

चारकोपच्या पश्चिमेस खारफुटीची हिरवी पट्टी आहे. तिच्यापलीकडे मनोरीची खाडी आणि खाडीपल्याड गोराई, उत्तन ही गावे. याच भूभागावर उत्तरेस धारावीचा जुना किल्ला होता. मुंबईतील धारावी ती निराळी. वसई पाहण्यास निघणाऱ्याने हे नाव प्रथम ध्यानात ठेवावे. कारण वसईचे मर्म या समोरच्या तीरावर आहे.

नदीवर किल्ला बांधतात तो वाट अडविण्यासाठी. जर्मनीत ऱ्हाइनकाठी कौब नावाचे लहानसे गाव आहे. तेथे चौदाव्या शतकात नदीच्या मधोमध खडकावर एक गढी उभारली गेली. काठावर तटबंदीचे गाव, वर डोंगरी किल्ला आणि पात्रात ही गढी, असा तिहेरी बंदोबस्त असल्यामुळे जकात दिल्यावाचून नाव पुढे जात नसे. एकट्या गढीने हे साधले नसते.

वसईचीही गोष्ट तीच. उल्हास नदीची खाडी येथे सागरास मिळते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने हा प्रांत पोर्तुगीजांस दिला. त्यांनी जुन्या बालेकिल्ल्याभोवती दहा बुरुजांचा तट घालून आत एक नगरच वसविले. त्यास एक दरवाजा जमिनीकडे, दुसरा पाण्याकडे. जमिनीकडून वेढा पडला तरी पाण्याकडून रसद येई.

चिमाजीअप्पांनी हे ओळखले. १७३९ च्या फेब्रुवारीत वेढा आवळला गेला आणि मार्चमध्ये धारावी घेतली गेली. खाडीचे दोन्ही तीर मराठ्यांच्या हाती आल्यावर वसई एकटी पडली. पुढे सुरुंगांनी तट फोडला; दोन्हीकडील पुष्कळ माणसे पडली आणि मे महिन्यात किल्ला शरण आला. पोर्तुगीज सैन्यास शस्त्रांसह जाऊ दिले गेले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. विजयाइतकेच हे औदार्यही स्मरणीय आहे.

२०२४ पासून भाईंदर व वसई यांच्यामध्ये मोटारीही वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली. वसईस जावयाचे तर एकदा तरी पाण्यावरून जावे. धक्क्यावर उतरल्यावर लगेच भग्न देवळांकडे वळू नये. क्षणभर दक्षिणेस, धारावीच्या दिशेने पाहावे. वेढ्याचा सारा डाव तेथून डोळ्यांपुढे उलगडतो.