संगणकाची पदवी हवी, तर बारावी कोठे?

सीमेवरील आमच्या गावांना सुरत कधीच परकी वाटली नाही. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली. डांग गुजरातेत गेला आणि नवापूरच्या रेल्वे स्थानकातून तर राज्याची हद्दच गेली. पण सुरतेची गाडी काही थांबली नाही. खानदेशातील हजारो कुटुंबे कापडधंद्याच्या आधाराने उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत स्थिरावली. तेथे महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. आज या घरांतील आणि अलीकडच्या गावांतील मुलामुलींना संगणकशास्त्राची पदवी हवी आहे. दरवर्षी निकालानंतर पालक गुणपत्रिका घेऊन आम्हा शिक्षकांकडे येतात आणि विचारतात, "गुरुजी, अर्ज कोठे भरायचा?" प्रश्न रास्त आहे, पण दोन वर्षे उशिरा विचारलेला आहे. त्याचे निम्मे उत्तर अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशीच ठरलेले असते.

सुरतेतील सर्वांत नामांकित संस्था म्हणजे सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच एसव्हीएनआयटी. 1961 साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ती सुरू झाली. येथे प्रवेश जेईई मेन परीक्षेच्या क्रमांकावर, 'जोसा'च्या केंद्रीय फेऱ्यांतून होतो. निम्म्या जागा गृहराज्यासाठी आणि निम्म्या इतर राज्यांसाठी असतात. आता हे गृहराज्य कोणते? मातृभाषेचे नव्हे, वडिलांच्या जन्मगावाचेही नव्हे. विद्यार्थी ज्या राज्यातून बारावी झाला ते. लिंबायतचा मुलगा सुरतेतच बारावी झाला, तर एसव्हीएनआयटीत तो गृहराज्याचा. त्याचाच नवापूरला राहणारा चुलतभाऊ नंदुरबारहून बारावी झाला, तर दोन-तीन तासांवरच्या सुरतेत तो परराज्यातला आणि शेकडो किलोमीटरवरच्या नागपूरच्या व्हीएनआयटीत मात्र घरचा! सुरतेतच 2017 साली सुरू झालेल्या ट्रिपल आयटीत असा गृहराज्याचा वाटा नाही. तेथे दोघेही भाऊ एकाच रांगेत उभे राहतात.

दुसरा मुद्दा परीक्षेच्या भाषेचा, आणि तो आमच्या जिव्हाळ्याचा. 2021 पासून जेईई मेन तेरा भाषांत होते आणि त्यांत मराठी आहे. ही समाधानाची गोष्ट. पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. सुरतेच्या केंद्रावर इंग्रजी, हिंदी, उर्दू आणि गुजराती, मराठी नाही. मराठीतून पेपर हवा असेल तर धुळे, जळगाव किंवा नाशिक असे केंद्र निवडावे लागते, आणि शहरांची निवड अर्जात लिहिलेल्या कायमच्या व सध्याच्या पत्त्यावर अवलंबून असते. ज्यांचे गावाकडचे घर आजही आहे, त्यांनी कायमचा पत्ता खरा आणि पूर्ण लिहावा. ज्यांचे दोन्ही पत्ते सुरतेचेच, त्यांची मात्र कुचंबणा होते. आणखी एक लक्षात ठेवावे : भाषांतराबद्दल शंका निघाली तर इंग्रजी मजकूर अंतिम मानतात. म्हणून मराठी माध्यम सोडण्याचे कारण नाही. पण त्वरण, संवेग, विकलन हे शब्द शिकतानाच त्यांचे इंग्रजी प्रतिशब्दही वहीत शेजारी लिहून ठेवावेत.

राज्याच्या पातळीवर दोन वाटा आहेत. गुजरातेत बारावी झालेल्यांसाठी गुजसेट. ती गुजराती, हिंदी व इंग्रजीत होते, मराठीत नाही. महाराष्ट्रात एमएचटी-सीईटी, तिच्यात भौतिक व रसायनशास्त्र मराठीतून देता येते, गणित मात्र इंग्रजीतूनच. सुरतेत शिकलेल्या मुलाच्या आई किंवा वडिलांकडे महाराष्ट्राचा अधिवास दाखला असेल, तर महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून त्याला दार उघडे असते. पुण्याजवळच्या पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात तर 2021-22 पासून संगणक अभियांत्रिकीची पदवी मराठीतून सुरू झाली, हेही पालकांना ठाऊक असावे.

अभियांत्रिकीच म्हणजे संगणक, असेही नाही. बीसीए ही तीन-चार वर्षांची, कमी खर्चाची पदवी आहे. सुरतेच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठात तिचा प्रवेश 2024 पासून राज्याच्या 'जीकास' या सामाईक पोर्टलवरून होतो. महाराष्ट्रात त्याच वर्षापासून बीसीएसाठी स्वतंत्र सीईटी लागू झाली. ज्या घरात मावशी-काका सुरतेत आहेत, तेथे राहण्या-जेवण्याचा खर्च वाचतो. हा हिशेब लाजण्याचा नाही, मांडण्याचा आहे.

अर्ज कसा भरावा? जेईईची पहिली फेरी जानेवारीत, दुसरी एप्रिलमध्ये होते. पहिलीचे अर्ज दिवाळीच्या सुमारास निघतात, तेव्हा बारावीच्या निकालाची वाट पाहत बसू नये. एनआयटीसाठी बारावीला 75 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 65 टक्के गुण, किंवा बोर्डातील वरच्या वीस टक्क्यांत स्थान लागते. ओबीसींनी नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षाचा काढावा. राज्याचा दाखला तेथे चालत नाही. महाराष्ट्रात प्रवेश घेणाऱ्या भिल्ल, मावची, कोकणा, गावित बांधवांनी जात पडताळणीचा प्रस्ताव अकरावीतच दाखल करावा. नाव, आडनाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहावी. पसंतीक्रम भरताना मिळेल त्यापेक्षा हवे ते वर ठेवावे.

शेवटी एक मागणी. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत स्वतंत्र वर्ग आहे. तो बेळगाव-निपाणीच्या बांधवांनी चिकाटीने मिळवला. सुरत, तापी, डांगमधील मराठी मुलांसाठी असा वर्ग नाही. निदान सुरतेच्या केंद्रावर जेईईचा मराठी पेपर मिळावा, एवढे तरी झाले पाहिजे. जी भाषा धुळ्याच्या केंद्रावर चालते, ती गाडीने काही तासांवरच्या सुरतेत का चालू नये? त्यासाठी आमच्या समितीने निवेदने देण्याचे ठरवले आहे. गावोगावच्या ग्रामसभांनीही ठराव करावेत. आणि तोवर प्रत्येक पालकाने दहावीच्या निकालाच्या रात्रीच मुलामुलींना जवळ बसवून विचारावे, अकरावी कोणत्या राज्यात? अर्जाचा पहिला रकाना तेथेच भरला जातो.