सदाफुलीचे औषध आणि चेतापेशीचा सांगाडा

धाराशिव जिल्ह्यातल्या अणदूरच्या परिसरात पाऊस ओढ देतो तेव्हाही अंगणातली सदाफुली फुललेली असते. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी ती मधुमेहावर तपासायला घेतली होती. साखर काही उतरली नाही; उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. त्यातून १९५८ साली व्हिनब्लास्टिन हाती आले आणि पुढे व्हिनक्रिस्टिन. ल्युकेमिया झालेल्या मुलांना आजही ते दिले जाते. (पण घरी पाल्याचा रस काढून पिऊ नये, तो विषारी आहे.)

ही औषधे ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतात. या प्रथिनाचे कण जुळून पेशीत २५ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या बनतात. पेशीच्या सांगाड्याचा हा मुख्य भाग. पेशी दुभंगताना गुणसूत्रे याच नळ्या ओढून वेगळी करतात. नळ्याच उभ्या राहिल्या नाहीत, की कर्कपेशीची वाढ खुंटते.

पण चेतापेशी तर दुभंगत नाही. मग केमोथेरपीत पायांच्या बोटांना मुंग्या का येतात? कमरेपासून अंगठ्यापर्यंत जाणारा चेतापेशीचा तंतू जवळपास मीटरभर लांब असतो. टोकाला लागणारा बराचसा माल पेशीच्या मुख्य भागात तयार होतो आणि कायनेसिन हे प्रथिन तो नळ्यांवरून आठ-आठ नॅनोमीटरची पावले टाकत वाहून नेते. सेकंदाला एक मायक्रोमीटर या वेगाने, कुठेही न थांबता, मीटरभर जायला साडेअकरा दिवस लागतात. वाट बिघडली की सर्वांत लांबचे टोक आधी उपाशी पडते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांच्या प्रयोगशाळेत ही वाहतूक जिवंत, पारदर्शक कृमीत पाहतात. या कृमीत चेतापेशी फक्त ३०२. ॲक्टिन या दुसऱ्या सांगाडा-प्रथिनाची दाटी असते तिथे माल खोळंबतो, असे तिथल्या कामात दिसले.

पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अर्णब घोष यांचा गट त्याआधीची गोष्ट शोधतो: वाढता तंतू वाट कशी धरतो? कोंबडीच्या भ्रूणातल्या मज्जारज्जूच्या पेशी बशीत वाढवल्या, की तंतूच्या टोकाला ॲक्टिनची बारीक बोटे पुढे येतात, चाचपतात, मागे सरतात. इथल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी फॉर्मिन-२ हे प्रथिन कमी करून पाहिले. बोटांची टोके टिकेनात, वाढ मंदावली आणि भ्रूणात तंतू वाट चुकले. हे काम २०१६ साली प्रसिद्ध झाले. याच प्रथिनाच्या जनुकातला दोष काही कुटुंबांत बौद्धिक अक्षमतेशी जोडला गेला आहे. पीएचडीच्या अशा संथ कामाकडे आपण अधिक आदराने पाहायला हवे.

धाराशिव जिल्ह्यातले अनेक रुग्ण बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात उपचाराला जातात. केमोथेरपी चालू असताना चप्पल पायातून निसटलेली कळत नसेल, शर्टाचे बटण लावता येत नसेल, तर अशक्तपणा समजून अंगावर काढू नका. पुढच्या डोसआधी डॉक्टरांना सांगा. वेळीच कळले तर मात्रा कमी करता येते किंवा औषध थांबवता येते.