मूठ पुन्हा वळावी म्हणून

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीची चांदीची कारागिरी, गावोगावची गुऱ्हाळं. कोल्हापूर जिल्ह्यातलं कितीतरी काम बोटांच्या जोरावर चालतं आणि अपघात झाला की पहिला मार बोटांनाच बसतो. प्रेसखाली सापडलेलं बोट, उसाच्या चरकात ओढला गेलेला पंजा, काहिलीतल्या रसाने भाजलेला हात. टाके पडतात, हाड जुळतं, प्लास्टर निघतं आणि घरची माणसं निर्धास्त होतात. पण त्यानंतर लक्षात येतं की मूठ वळत नाही. शर्टाचं बटण लागत नाही, भाकरी मोडता येत नाही, पान्हा हातात ठरत नाही.

जखम भरते त्याच क्रियेत हे आखडणं दडलेलं असतं. पहिले काही दिवस सुजेचे. मग साधारण तीन आठवड्यांपर्यंत शरीर कोलॅजनचे धागे भराभर विणून फट बुजवतं. हे धागे सुरुवातीला वेडेवाकडे, जागा मिळेल तिथे पडतात. कातडीला, स्नायूच्या दोरीला, सांध्याच्या आवरणाला एकमेकांशी चिकटवून टाकतात. पुढे कित्येक महिने, कधी वर्षभराहूनही अधिक काळ, त्यांची फेररचना चालू राहते. या काळात त्यांच्यावर ज्या दिशेने हलका ताण राहील त्या दिशेने ते रांगेत येतात. ताणच नसेल तर आखडलेलेच घट्ट होतात.

त्यातून हाताची ठेवण आणखी अडचणीची. हाताच्या पाठीवरची कातडी सैल असल्याने सूज तिथे साचते. मूठ वळल्यावर जे उंचवटे दिसतात ते सांधे त्या सुजेने सरळ होतात आणि पुढची बोटं आकड्यासारखी वाकतात. या उंचवट्यांच्या दोन्ही बाजूंचे अस्थिबंध सांधा वाकलेला असताना पूर्ण ताणलेले असतात, सरळ असताना सैल. सैल अवस्थेत काही आठवडे गेले की ते तेवढ्याच लांबीचे होऊन बसतात आणि मग सांधा वाकूच देत नाहीत. म्हणून दुखापत झालेला हात ठेवण्याची एक सुरक्षित स्थिती ठरलेली आहे: मनगट २० ते ३० अंश मागे, मुठीचे सांधे ७० ते ९० अंश वाकलेले, बोटं सरळ. हात या स्थितीत धरून ठेवतो तो स्प्लिंट. हाताच्या पाठीवर भाजलेल्या रुग्णाला तो वेळेवर मिळाला, तर पुढचे कितीतरी हाल टळतात.

आजचा स्प्लिंट बहुतेक वेळा थर्मोप्लास्टिकच्या पत्र्याचा असतो. ६० ते ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तो मऊ पडतो, मग थेट रुग्णाच्या हातावर बसवून त्याला आकार देतात. काही मिनिटांत तो कडक होतो, वेल्क्रोचे पट्टे लावले की काम झालं. दुकानातून आणलेला तयार पट्टा ही जागा घेऊ शकत नाही, कारण प्रत्येक हाताची सूज, जखम आणि अडलेला कोन वेगळा असतो.

आधीच आखडलेल्या सांध्यासाठी मात्र नुसता आधार पुरत नाही. तिथे सांध्याला त्याच्या हालचालीच्या शेवटच्या टोकाशी हलकेच धरून ठेवावं लागतं, तासन्‌तास. काही दिवसांनी सांधा थोडा सैलावला की स्प्लिंट पुन्हा तापवून नव्या कोनात बसवायचा. अमेरिकेत फ्लॉवर्स आणि लास्टायो यांनी १९९४ साली हे मोजून दाखवलं. बोटाचा मधला आखडलेला सांधा सहा दिवस प्लास्टरमध्ये ताणून ठेवला तेव्हा सरासरी ५.३ अंश फायदा झाला, तीन दिवस ठेवला तेव्हा ३ अंश. आकडे लहान दिसतात, पण आठवड्यामागून आठवडे ते साचत गेले की वाकलेलं बोट सरळ होऊ लागतं.

पॉल ब्रँड या शल्यवैद्यांना हे भारतातच उमगलं. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. लंडनमध्ये त्यांनी जन्मतः वाकडे पाय जोर लावून सरळ करताना पाहिले होते. ते पाय पुढे ताठर होत. वेल्लोरला उपचारच न झालेले वाकडे पाय त्यांना मऊ आढळले. मग त्यांनी रीत बदलली. बाळाला आईने अंगावर पाजत बसायचं आणि तेवढ्यात त्यांनी पाय हळूहळू वळवून प्लास्टर घालायचं. बाळाने दूध सोडून रडायला सुरुवात केली, की जोर जास्त झाला असं समजून ते हात सैल करत. ऊतींना वेदना न देता ताणायचं हीच शिस्त त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांच्या उपचारातही पाळली.

कोल्हापुरात ही गोष्ट ठासून सांगायला हवी. तालमीच्या या गावात कोपर निखळलं, मनगट लचकलं की तेल लावून जोरात चोळण्याचा मोह फार. कोपराच्या दुखापतीनंतर असं चोळून-ओढून हालचाल करवली, तर स्नायूत नवं हाड तयार होऊन कोपर कायमचं अडकू शकतं. हाडवैद्याने बांबूच्या पट्ट्या आवळून बांधल्या आणि बोटं काळीनिळी, बधिर पडली किंवा बोट सरळ करताना असह्य कळ आली, तर पट्टी लगेच सोडून रुग्णालय गाठायला हवं. रक्तपुरवठा तुटून स्नायू मेले, तर पंजा जन्मभर आखडतो.

स्प्लिंटचं आणि हळुवार ताणाचं काम करणारा माणूस म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा हाताच्या उपचारात तयार झालेला फिजिओथेरपिस्ट. ऑक्युपेशनल थेरपीचं भारतातलं पहिलं विद्यालय १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केलं. त्या मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. मुंबईचेच हस्तशल्यविशारद डॉ. बी. बी. जोशी यांनी त्याच हळुवार ताणाचं तत्त्व शस्त्रक्रियेत आणलं. हाडात बारीक तारा घालून, बाहेरून सळ्यांनी जोडून, आखडलेला भाग थोडाथोडा ताणत नेणारी त्यांची ‘जेस’ पद्धत देशभर वापरली जाते. महाराष्ट्राची ही मोठी कमाई आहे. जिल्ह्याच्या रुग्णाला मात्र तिचा पत्ता अनेकदा उशिरा लागतो. म्हणून टाके पडले त्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारावं: स्प्लिंट लागेल का, कोण करून देईल, बोटं कधीपासून हलवायची?

उत्तर दुखापतीनुसार बदलतं. चेंडू लागून बोटाचं टोक खाली लोंबलं, तर ते सहा ते आठ आठवडे अखंड सरळ ठेवायचं. मध्ये एकदा जरी वाकलं तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. बोट वाकवणारी दोरी तुटून शिवली असेल, तर हाताच्या पाठीवरचा स्प्लिंट बोटाला पूर्ण सरळ होऊ देत नाही आणि त्या मर्यादेतच थेरपिस्ट हालचाल सुरू करतात.

घरी रोज स्प्लिंट काढला की कातडी पाहायची. लाल डाग वीस मिनिटांत गेला नाही, तर तिथे दाब पडतोय. थेरपिस्टकडून तेवढी जागा सैल करून घ्यायची. स्प्लिंट गार पाण्याने धुवायचा. चुलीजवळ किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवला तर त्याचा आकार बिघडतो आणि बिघडलेला स्प्लिंट सांध्याला चुकीच्या कोनात धरतो.